वाण असो की दिवाळी गिफ्ट, घ्यायचं तर बारा महिने घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आपल्या पेपरात रोज एक तरी फोटो असतो. कुठल्यातरी संस्थेतली मुलं पणत्या रंगवतायत, कंदील करतायत, खाली स्टॉल कुठे आहे तो पत्ता. हे छापता ते फार चांगलं करता आणि त्याचा उपयोग होतो, मी डोळ्यांनी बघितलंय, फोटो आला की दुसऱ्या दिवशी स्टॉलवर पेपर हातात घेऊन माणसं येतात. पण भाऊबीज झाली की सगळं एकदम थांबतं. मी नागपुरात एका संस्थेच्या कार्यशाळेत मदतीला जाते, अठरा वर्षांच्या पुढची बौद्धिक अक्षम मुलं-मुली तिथे काम करतात. शाळा संपली की यांच्यासाठी दुसरं काहीच नसतं, घरी टीव्हीसमोर बसायचं नाहीतर इथे यायचं. ऑक्टोबरमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि फेब्रुवारीत तीच मुलं रिकाम्या टेबलासमोर बसून "आज काय करायचं?" विचारतात. त्याबद्दलच लिहायचं आहे. हातानं केलेल्या अशा वस्तू लोकांनी सणापुरत्या, कनवाळूपणानं घेऊ नयेत, नेहमीच्या गिऱ्हाइकासारख्या घ्याव्यात, वर्षभर घ्याव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे.

आत्ताच संक्रांत ते रथसप्तमी झाली. आपल्याकडे घरोघरी हळदीकुंकू असतं आणि एकेक बाई पन्नास पन्नास, शंभर शंभर वाणं लुटते. आता हिशोब करा एका गल्लीत किती वाणं वाटली जात असतील. आणि असतं काय त्यात, तर प्लास्टिकचा डबा, प्लास्टिकची चाळणी, होलसेल मार्केटमधून डझनाच्या भावात आणलेलं काहीतरी, जे घेणारीच्या घरातही माळ्यावर जातं. ही सगळी खरेदी बायकांच्या हातात आहे, नवऱ्याला विचारायचं नाही की कोणाला विचारायचं नाही. यातल्या दहातल्या दोन जणींनी जरी डिसेंबरमध्ये एखाद्या कार्यशाळेला किंवा बचत गटाला फोन करून "शंभर कापडी पिशव्या शिवून द्याल का, भाजीच्या, आतून कप्पे असलेल्या" असं विचारलं ना, तर जानेवारीचा महिना त्यांचा भरून जाईल, आणि पिशवी तर कोणाच्याच घरी पडून राहात नाही.

लोकांना वाटतं ही मुलं काय करणार, टीचरच करत असतील आणि मुलांचं नुसतं नाव. तसं नाहीये हो. एक काम तुकड्या तुकड्यात मोडून दिलेलं असतं. कागदी पिशवी घ्या. एकजण फक्त कागद रेषेवर घडी घालतो, पुढची मुलगी पट्टीनं घडी दाबते, तिसरा खळ लावतो, चौथा पंचिंग करतो, पाचवी नाडी ओवते. ज्याला जे जमतं ते त्याचं काम, आणि ते त्याला एकदा जमलं की तो कोणाला हात लावू देत नाही. मोजणी ही मोठी अडचण असते कारण बऱ्याच जणांना दहापर्यंत आकडे येत नाहीत, म्हणून एका फळीवर दहा गोल काढलेत, प्रत्येक गोलावर एक मेणबत्ती ठेवायची, सगळे गोल भरले की बॉक्स भरायचा. आकडा न येणारा मुलगा दिवसभर बॉक्स भरतो आणि त्याच्या बॉक्समध्ये कधी नऊ निघत नाहीत की अकरा निघत नाहीत. पणतीचं पण तसंच आहे. आधी पणती पाण्यात बुडवून ठेवायची म्हणजे ती नंतर तेल कमी पिते, मग उन्हात चांगली कोरडी करायची, मग बेसचा रंग, तो सुकला की दुसरा हात, मग कोननं ठिपके, शेवटी टिकल्या. ठिपके सगळ्यांना जमत नाहीत, हात थरथरतो. पण आमच्याकडे एक मुलगी आहे, बोलत फार नाही, ती जे ठिपके देते ते मोजपट्टी लावून दिल्यासारखे असतात आणि एकही चुकला तर ती पणती पुसून परत करते. तिची पणती मी कुठेही ओळखेन.

हीच मुलगी मागच्या दिवाळीत स्टॉलवर बसली होती. एक बाई आल्या, चांगल्या घरातल्या, मनानं पण चांगल्याच असणार. त्यांनी बघितलं, डोळे भरून आले त्यांचे, शंभराची नोट काढून तिच्या हातात दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. काही घेतलं नाही. ती पोरगी नोट हातात धरून उभी, मग तिनं सहा पणत्यांचा बॉक्स उचलला आणि त्यांच्या मागे पळत गेली. बाई म्हणाल्या "राहू दे गं बाळा, तुला दिले". ती ऐकेना, बॉक्स पुढे करून तशीच उभी राहिली. शेवटी बाईंनी घेतला तेव्हा परत आली आणि वहीत टीचरला एक रेघ मारायला लावली, एक बॉक्स विकला की एक रेघ असते. त्या बाईंबद्दल माझ्या मनात काही नाही, पण तिला काय पाहिजे होतं ते तिनं इतकं स्वच्छ सांगितलं की मला त्यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

विदर्भात राहून या विषयावर लिहायचं आणि आनंदवनाचं नाव घ्यायचं नाही हे शक्य नाही. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळ खडकाळ जमीन मिळाली, सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्यानंतरचं लोक विसरतात. त्या माणसांनी विहीर खणली, शेत उभं केलं, भाजी पिकवली, दूध निघायला लागलं, आणि वरोऱ्याच्या बाजारात ते कोणी घेईना. कुष्ठरोग्यांनी हात लावलेली भाजी कोण खाणार! पिकवता येत होतं, विकता येत नव्हतं. मग पन्नासच्या दशकात परदेशातले तरुण स्वयंसेवक तिथे श्रमदानाला येऊन राहिले, भिंती बांधल्या, आनंदवनातलंच अन्न जेवले, आणि गावानं ते बघितलं तेव्हा कुठे हळूहळू भाजी विकायला लागली. म्हणजे देणग्या मिळाल्या असत्या कदाचित, पण गावानं त्यांच्या हातची वांगी पैसे देऊन घरी नेली तेव्हा ती माणसं गावाच्या व्यवहारात आली. बाबांनी आयुष्यभर तेच सांगितलं की दानानं माणूस खचतो आणि कामानं उभा राहतो.

माझ्या घरात आनंदवनातली सतरंजी आहे, हातमागावरची. जड आहे, एकटीनं धुवायची म्हणजे दमायला होतं, पण इतकी वर्षं झाली तरी काठ सुटला नाही, टोकाच्या दश्यांच्या गाठी सुद्धा एकेक करून हातानं मारलेल्या आहेत त्या तशाच आहेत. मॉलमधला पॉलिस्टरचा गालिचा त्याच्याच शेजारी होता, त्याची दोन उन्हाळ्यात लक्तरं झाली. मी ती सतरंजी कोणावर उपकार म्हणून वापरत नाही, उन्हाळ्यात फरशीवर टाकून झोपायला तिच्यासारखं काही नाही म्हणून वापरते. आणि अजूनही कोणी कोणी विचारतं हो, की तिथल्या वस्तू घरात आणल्या तर काही होणार नाही ना? ३० जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन झाला, तुम्ही बातमी पण दिली होती, म्हणून इथे परत लिहिते. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, माणूस पूर्ण बरा होतो आणि सतरंजीतून, चादरीतून तो रोग येत नाही. बरं झालेल्या माणसाची बोटं वाकडी दिसतात कारण नसा आधीच गेलेल्या असतात, रोग अजून आहे म्हणून नाही.

बाजार हातातून गेला की काय होतं याचं एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलंय. वेताच्या खुर्च्या आठवतात? सरकारी ऑफिसात, रेल्वेत, कोर्टात, सगळीकडे त्याच असायच्या. सीट खाली बसली की ती परत विणावी लागायची आणि हे काम अंध माणसं करायची. बोटानं भोकं चाचपत आधी उभे धागे, मग आडवे, मग तिरपे, असं करत ती आठ कोनी जाळी तयार होते, त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. अंधशाळांमध्ये हे रीतसर शिकवायचे, आणि सरकारी खात्यात खुर्च्या विणण्याची जागाच असायची, तिथे अंध माणूस पगारावर लागायचा, त्याच्या पगारावर घर चालायचं. मग प्लास्टिकच्या आल्या, फोमच्या आल्या, चाकाच्या आल्या. खुर्ची बदलली आणि शिकलेल्या हाताला कामच राहिलं नाही. कोणी वाईट वागलं नाही यात, फक्त सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडून घेणं सुरू केलं. तुमच्या घरी आजोबांची वेताची खुर्ची माळ्यावर पडलेली असेल तर टाकून देऊ नका, आपल्या शहरातल्या अंधांच्या संस्थेला विचारा, अजून विणून देणारे आहेत.

ग्रीटिंग कार्डांचं तेच झालं. एक काळ होता की दिवाळीला, न्यू इयरला घरोघरी संस्थांची कार्डं यायची. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ मधलं, चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीनं काढलेल्या चित्राचं. आपल्याकडे क्राय ही संस्था १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या सहा मित्रांनी पन्नास रुपयांवर काढली आणि पुढे वर्षानुवर्षं कार्ड विकून मुलांसाठी पैसा उभा केला. आनंदवनातली वाळलेलं गवत आणि सालं चिकटवून केलेली कार्डं तर मी स्वतः बहिणीला पाठवायचे. मोबाईल आला, फॉरवर्ड आले आणि ते सगळं आटलं. त्यात एक वेगळी संस्था मला फार आवडते, तोंडानं आणि पायानं चित्रं काढणाऱ्या कलाकारांची. एरिक स्टेगमन नावाचा जर्मन चित्रकार होता, पोलिओनं हात गेलेले, तोंडात ब्रश धरून काढायचा, त्यानं १९५६ मध्ये अशाच इतर चित्रकारांना घेऊन ती काढली, आता आपल्या देशातले कलाकार पण त्यात आहेत. त्यांचं सुरुवातीपासूनचं म्हणणं की आम्ही धर्मादाय नाही, आम्ही आमचं काम विकतो. कॅलेंडर घ्या, चित्र आवडलं म्हणून घ्या. भिंतीवर काहीतरी लावायचंच आहे ना, मग ते लावा.

भिंतीचा विषय निघाला म्हणून वारलीबद्दल पण बोलते. आजकाल वारली सगळ्यावर असते, मगवर, पडद्यावर, सोफ्याच्या कव्हरवर, हॉटेलच्या भिंतीवर. पण ते फॅक्टरीतलं प्रिंट असेल तर त्यातून डहाणू-जव्हारकडच्या कोणाच्या घरी एक रुपया जात नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं झालं तरी आपण घेताना प्रिंटच घेतो कारण स्वस्त पडतं. मूळ ही कला लग्नघरातल्या बायकांची, सुवासिनी येऊन भिंतीवर चौक लिहायच्या, तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी, बस. हातानं काढलेलं चित्र जवळून बघा, पांढऱ्या रेषेची जाडी सारखी नसते, काडी पिठात बुडवली की जाड आणि संपत आली की बारीक. नव्या फ्लॅटला इंटिरियरवाल्याला लाखो रुपये देतो आपण, त्यात एक चित्र तिथल्या चित्रकाराकडून थेट घेणं अवघड नाही, प्रदर्शनात ते स्वतः बसलेले असतात.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहिते, काहींना आवडणार नाही. "या खरेदीतला काही भाग सामाजिक कार्याला" असं हल्ली कशावरही लिहिलेलं असतं. काही भाग म्हणजे किती? रुपयातले पाच पैसे की पन्नास? ते लिहिलेलं नसतं आणि आपण विचारत नाही. असंही होतं की होलसेलमधून रंगवलेल्या पणत्या आणायच्या, संस्थेचं स्टिकर लावायचं आणि विकायचं. म्हणून विचारायचं, त्यात लाज कसली? हे कोणी केलं, यातलं कोणतं काम तुमच्याकडे होतं आणि कोणतं बाहेरून येतं, करणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळते की नगावर पैसे मिळतात, कार्यशाळा बघायला येऊ का? खरी संस्था असेल तर आनंदानं बोलावते, चहा पाजते. आणि बिल मागा. बरेच जण वस्तू घेऊन वर ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवायची पावती मागतात, ती मिळत नाही, कारण ती देणगीवर असते, तुम्ही वस्तू विकत घेतली तर ती देणगी नाही. याचा राग संस्थेवर काढू नका.

राग यायला पाहिजे तो वेगळ्याच गोष्टीचा. एका मोठ्या कंपनीनं आमच्या कार्यशाळेला दिवाळीची ऑर्डर दिली, नाव लिहित नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर आली असताना ऑर्डर, त्यावर कंपनीचा लोगो पाहिजे, बॉक्स अमुकच रंगाचा पाहिजे, मुलांनी जेवणाची सुट्टी कमी करून केलं हो ते. शेवटच्या आठवड्यात निरोप आला की संख्या अर्धी करा. उरलेल्या लोगो छापलेल्या पणत्या कोणाला विकायच्या? आणि जे नेलं त्याचे पैसे संक्रांतीनंतर आले. या संस्थांकडे कच्चा माल घ्यायला खेळतं भांडवल नसतं, मेण, सूत, कागद सगळं रोखीनं घ्यावं लागतं, त्यामुळे एक बिल अडकलं की पुढचा महिना अडतो. शिवाय त्यांना प्रत्येक बॉक्ससोबत मुलांचे फोटो आणि "स्टोरी" पाहिजे होती. कुठल्या मुलाला काय आजार आहे ते कार्डावर छापून शेकडो अनोळखी घरांत पाठवायचं? आपल्या मुलाचं असं चालेल का आपल्याला? पणती चांगली आहे का ते बघा ना.

आणि चांगली नसेल तर तसं सांगा. हे मी संस्थांसाठीच लिहितेय. पिशवीची नाडी आठ दिवसात निघाली तर परत नेऊन दाखवा, "जाऊ दे, बिचाऱ्यांनी केलंय" म्हणून कचऱ्यात टाकू नका, कारण मग तुम्ही दुसऱ्यांदा घेणार नाही आणि त्यांना कधी कळणार पण नाही का. आमच्याकडे उशांचे अभ्रे शिवायचे, एका आजींनी येऊन सांगितलं की आतली शिवण उसवते, दुहेरी घाला. घातली. त्या आजी आता दरवर्षी घेतात आणि सोसायटीतल्या चार जणींना आणतात. भाव मात्र पाडू नका. घासाघीस भाजीबाजारात करा वाटल्यास, इथे किमतीत सूत आहे आणि एका माणसाचा अख्खा दिवस आहे.

घ्यायला जागा खूप आहेत. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, गांधीजींनी १९३८ मध्ये उद्घाटन केलेलं, तिथली नैसर्गिक रंगांची खादी बघा, पडदे, चादरी सगळं होतं त्यात. मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, बांबूच्या राख्यांपासून फर्निचरपर्यंत करतात. येरवडा, नागपूर अशा मोठ्या जेलमध्ये कैदी वस्तू करतात, हातमागावरचं कापड करतात, लाकडाचं काम करतात. बचत गटांची प्रदर्शनं तर जिल्ह्याजिल्ह्यात असतात. आणि प्रसंग पण काही दिवाळी एकच नाही. शाळेचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, निरोप समारंभ, मुंज, डोहाळजेवण. दर कार्यक्रमात तो जाळीत गुंडाळलेला बुके देतो आपण, पाहुणे गाडीत विसरून जातात. शाल-श्रीफळ राहू द्या, बुकेच्या जागी हातमागाचा नॅपकिन सेट द्या, बांबूचा पेनस्टँड द्या. स्मृतिचिन्हाचं ते काचेचं आणि ॲक्रिलिकचं कोणाच्या घरी कामाला येतं?

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. दिवाळीत जसा फोटो छापता तशी महिन्यातून एकदा, अगदी दोन इंच जागा द्या, आपल्या जिल्ह्यातली एक कार्यशाळा, ती काय करते, काय भाव आणि फोन कोणाला करायचा. बाकी कौतुक वगैरे नको. मे-जूनमध्ये छापलंत तर फारच बरं, कारण शाळा सुरू होताना वह्यांना कव्हरं, कापडी दप्तरं, डब्याच्या पिशव्या लागतात आणि तेव्हा आमच्याकडे हात रिकामे असतात.

वाचकांसाठी एवढंच की ऑर्डर मोठी असेल तर दीड-दोन महिने आधी सांगा, अर्धे पैसे आगाऊ द्या आणि नमुना आधी बघून घ्या. गुढीपाडव्याला दाराला लावायची तोरणं आमच्याकडे आत्ता सुरू झालीत. कापडाची आहेत, धुता येतात.

आपली,
एक वाचक, नागपूर